कचऱ्यालाही उतारा असतो
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी मला जो विषय दिलाय त्याचं नाव पत्रिकेत दोन ओळींत छापलंय: 'घनकचरा व्यवस्थापन, त्यातील उद्योग आणि शाश्वत विकास'. मी पर्यावरणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग करून वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. पण या कामाशी माझा एकदा जवळून संबंध आला. शिवाय आपल्या बॅचने गावासाठी जो निधी जमवायला घेतलाय, तो कशावर खर्च करायचा हे अजून ठरलेलं नाही. गेले दोन महिने ग्रुपवर कचऱ्याच्या यंत्रांचे व्हिडिओ फिरतायत. एका बाजूने कचरा टाकायचा, दुसऱ्या बाजूने वीज किंवा खत बाहेर. यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्या, एवढीच विनंती.

सुरुवात उसापासून करते, कारण आपल्यातल्या निम्म्या घरांत ऊस आहे. २०२३-२४ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने टनाला ३,१५० रुपये एफआरपी जाहीर केली. पण ती १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा त्याच्या वर गेला की दर वाढतो. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगते, हा सातबाराचा उतारा नव्हे. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो हा उतारा. यंत्राने तोडलेल्या उसात पाचट जास्त येतं म्हणून वजनातून घट धरतात, त्यावरून वादही होतात. म्हणजे नुसत्या वजनाला दर नसतो, आत काय आहे त्यालाही असतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र आपण हे साफ विसरतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीकडे एका शहराच्या कचरागाड्यांचं काम आलं. शहराचं आणि ठेकेदाराचं नाव सांगत नाही. प्रत्येक गाडीला जीपीएस, गाडी काट्यावर उभी राहिली की वजनाची आपोआप नोंद, आणि महिन्याच्या शेवटी जितके टन तितकं बिल. आमचं सॉफ्टवेअर उत्तम चाललं. वर्षभराचे आकडे मांडल्यावर दिसलं की पावसाळ्यात कचरा वाढतो. माणसं तेवढीच, घरं तेवढीच, मग कचरा का वाढावा? कारण साधं होतं. उघड्यावर पडलेला कचरा भिजत होता आणि पावसाच्या पाण्यालाही टनाचा दर मिळत होता.

यात कुणी लबाडी केली नव्हती. करारच तसा होता. त्या ठेकेदाराने घरोघरी ओला-सुका वेगळा करायला लावला असता, सोसायट्यांना जागच्या जागी खत करायला शिकवलं असतं, तर त्याचंच वजन घटलं असतं आणि त्याचंच बिल कमी झालं असतं. स्वतःचं बिल कमी करण्यासाठी कोण धडपडेल? शहर स्वच्छ करण्याचा धंदा होता, पण पैसे कचरा वाहण्याचे मिळत होते. आज मला जे सांगायचंय ते एवढंच: कचऱ्याचा व्यवसाय टिकतो की नाही, हे आपण पैसे कशाचे मोजतो त्यावर ठरतं.

आता थोडं मागे जाऊ. पूर्वी आपल्या घरांच्या परड्यात उकिरडा असायचा. शेण, राख, भाजीची देठं, खरकटं, केरातली माती सगळं त्यात. पाऊस लागायच्या आधी उकिरडा उपसून बैलगाडीने खत रानात जायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो असं म्हणतात, आपल्याकडे तो दरवर्षी फिटायचा. शहरातही वेगळं नव्हतं. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत कचरा टाकायच्या जागेला 'कंपोस्ट डेपो' म्हणतात. हे नाव कुठून आलं? तिथे खरोखर कंपोस्ट व्हायचं म्हणून. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला राहून इथल्या शेतकऱ्यांकडून शिकत कंपोस्टची पद्धत बसवली, तिला आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. मग उकिरड्यात प्लास्टिकची पिशवी आली, काच आली, दाढीचं ब्लेड आलं. अनवाणी पायाने रानात उतरणाऱ्या शेतकऱ्याने ते खत नाकारलं. डेपोतलं कंपोस्ट गेलं आणि नाव तेवढं राहिलं.

पुढे कायदे आले. बंगळूरच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याही अभियंता. अमेरिकेतल्या प्रसिद्ध एमआयटीतून १९५९ साली पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. त्या याचिकेतून देशात २००० साली घनकचऱ्याचे पहिले नियम झाले. मग २०१६ चे नियम आले. त्यांनी घरातच तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. म्हणजे वेगळा करण्याचा कायदा आता जुना झाला. घंटागाडी दारात येते, गाणं वाजतं, तरी कितीतरी घरांतून एकच बादली गाडीत उपडी होते. का? वेगळा करणाऱ्याला काही मिळत नाही आणि न करणाऱ्याचं काही जात नाही.

आपल्याच वर्गातला एक मित्र भंगाराचा व्यवसाय करतो. नाव घेऊ नकोस म्हणाला, म्हणून घेत नाही. स्मरणिकेत कोण कुठे आहे याची यादी आहे. त्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, माझ्यासारखे पुण्यातले सॉफ्टवेअरवाले तर पोतंभर आहेत. पण गावचा कचरा खऱ्या अर्थाने कमी करणारा या बॅचमधला माणूस तो एकटाच. गेल्या दिवाळीत मी त्याच्या वखारीत अर्धा दिवस बसले. कोरडा पुठ्ठा एका दराने जातो. तोच भिजलेला किंवा आमटी सांडलेला असेल तर घेणारा घट कापतो, नाहीतर घेतच नाही. पाण्याच्या बाटलीला भाव आहे, बाटलीचं टोपण वेगळं काढलं तर त्यालाही आहे. गुटख्याच्या आणि कुरकुऱ्यांच्या चकचकीत पुडीला भावच नाही, कारण तिच्यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटे होत नाहीत. त्याचं एक वाक्य मी वहीत लिहून आणलंय: "माल घरातनं निघतानाच चांगला असतो गं, गाडीत गेला की त्याची माती होते."

कचऱ्याचा उतारा म्हणतात तो हाच. शंभर किलो कचऱ्यातून किती किलो पुन्हा कामाला आला. पोत्यात भरलेल्या कोरड्या कागदापेक्षा आमटीत भिजलेल्या त्याच कागदाचं वजन काट्यावर जास्तच भरेल, उतारा मात्र शून्यावर येऊ शकतो. आणि तो वाढवायची जागा कारखान्यात नाही, आपल्या ओट्याखाली आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यात आहे. १९९३ साली पुण्यातल्या कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यामागे एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या होत्या, डॉ. बाबा आढाव यांचं पाठबळ होतं. कचराकुंडीत हात घालणाऱ्या या बहुतेक बाया दलित समाजातल्या. त्यांची पहिली मागणी पैशाची नव्हती, 'आम्हाला कामगार म्हणा' ही होती. त्यातून ओळखपत्रं आली. पुढे २००७ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. साडेतीन हजारांच्या आसपास सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. प्रत्येक घर त्यांना दरमहा ठरलेलं शुल्क देतं आणि सुका माल विकून आलेले पैसे त्यांचेच असतात.

इथे पैशाची दिशा बघा. गाडीत कमी माल गेला म्हणून या बाईचं नुकसान होत नाही. उलट जितका माल ती वेगळा काढेल तितकी तिची कमाई वाढते आणि महापालिकेचा वाहतुकीचा खर्च तितका वाचतो. माझ्या सॉफ्टवेअरमधल्या ठेकेदाराच्या नेमकं उलट. अडचणी त्यांनाही आहेत. शुल्क बुडवणारी घरं आहेत, कराराचं नूतनीकरण दरवेळी लांबतं, मोठ्या ठेकेदारांचं दडपण आहे. पण पंधरा वर्षांहून जास्त काळ तो व्यवसाय चाललाय, आणि तो माणसांच्या पोटाशी बांधलेला आहे म्हणून चाललाय. सहकार काय असतो हे आपल्या तालुक्याला शिकवायची गरज नाही. उसाला जे जमलं ते कचऱ्याला का जमू नये?

लांब कशाला, आपले शेजारी बघा. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिलं आलं, २०२१ साली विटा, २०२२ साली पाचगणी. तिन्ही आपल्या सांगली-सातारा पट्ट्यातली. तेव्हा 'हे परदेशात होतं, आपल्याकडे नाही' हे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. कोकणातलं वेंगुर्ले तर आपल्यापेक्षा कितीतरी लहान, लोकवस्ती बारा हजारांच्या आसपास. तिथे रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असताना, २०१५ नंतर, कचऱ्याच्या डेपोची जागा लोक तिकीट काढून बघायला जातील अशी झाली. सुका कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा होऊ लागला, ओल्याचा बायोगॅस, बारीक केलेलं प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. हे सगळं एका धडाडीच्या अधिकाऱ्यामुळे सुरू होऊ शकतं. पण अधिकाऱ्याची बदली होते. बदलीनंतरही जे टिकतं त्याला मी शाश्वत म्हणेन. आणि ते टिकायचं तर त्या कामावर गावातल्या कुणाची तरी चूल पेटली पाहिजे.

आता यंत्राकडे येते. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने कचऱ्यापासून वीज करणारा मोठा प्रकल्प उभारला. जेमतेम काही आठवडे चालला आणि थांबला. यंत्रात खोट नव्हती. डेन्मार्कच्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, लाकूड. आपल्या कचऱ्यात भाजी, भात, माती आणि पाणी. ओलं चिपाड चुलवणात घातलं तर काहिलीखाली जाळ लागेल का? गुऱ्हाळावरचा जळव्याही आधी चिपाड वाळत घालतो. त्या प्रकल्पात नेमकं तेच राहिलं होतं. आपल्या ग्रुपवरच्या यंत्रांच्या व्हिडिओत बघा, आत पडणारा कचरा नेहमी निवडलेला असतो. तो निवडला कुणी, हे व्हिडिओत नसतं.

आपल्या गावाचा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत आष्ट्याची लोकसंख्या ३७ हजारांच्या घरात होती. माणशी दिवसाला तीनशे ग्रॅम धरले तर रोज अकरा टनांच्या आसपास कचरा झाला. त्यातला निम्मा ओला धरा, साडेपाच टन. त्याचं खत होताना पाणी उडतं, कुजताना घट होते, हाती चौथा-पाचवा हिस्सा राहतो. म्हणजे रोज एक टनाच्या आसपास खत. मोठ्या शहराला खत विकायला लांब जावं लागतं. आपल्याला वेशीबाहेर पडलं की रान आहे. पाणी आणि रासायनिक खतं देऊन देऊन कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या, सेंद्रिय कर्ब घसरला, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. खताला गिऱ्हाईक आहे. फक्त त्यात काच आणि प्लास्टिक नको.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण निधी आपल्या सगळ्यांचा आहे. 'कचऱ्यातून सोनं' असं म्हणतात, तसं काही होत नाही. सुक्या मालात चार पैसे सुटतात. ओल्या कचऱ्याचं खत विकून मजुरीसुद्धा पूर्ण निघेल याची खात्री नाही. आणि त्या चकचकीत पुड्या, डायपर, सॅनिटरी पॅड यांचा तर निव्वळ खर्च. पाण्यातून नफा होत नाही म्हणून आपण पाणीपट्टी बंद करत नाही. कचऱ्याचंही तसंच. दक्षिण कोरियात १९९५ पासून घरांना ठरावीक पिशव्या विकत घेऊनच मिसळलेला कचरा टाकता येतो. पुन्हा वापरात जाणारा माल वेगळा दिला तर त्याला पैसे पडत नाहीत. लोक एका रात्रीत संत झाले नाहीत, पिशवीचे पैसे वाचवायला लागले. तिथेही मोजलं काय जातं? उरलेलं.

म्हणून निधीबद्दल माझा प्रस्ताव असा. यंत्र घेऊ नये. नगरपरिषदेशी बोलून, त्यांच्या घंटागाडीच्या व्यवस्थेला धरूनच, गावातली एक गल्ली आणि आपली शाळा एवढंच एका वर्षासाठी घ्यावं. शाळा यासाठी, की तिथे रोजचं खरकटं आहे, कागद आहे, आणि घरी जाऊन आईला शिकवणारी पोरं आहेत. महिला बचत गटातल्या दोघींना या कामाचा दरमहा ठरलेला पगार आपल्या निधीतून द्यावा. हातमोजे, बूट, निवडायला छपराखालची जागा आणि धनुर्वाताची इंजेक्शनं हा खर्च पहिला. सुका माल विकून जे येईल ते त्यांचं. आणि रोज तीन वजनं लिहायची: ओला किती, सुका किती, उरलेला किती. मागच्या महिन्यापेक्षा उरलेला घटला तर पगारावर बक्षीस.

आपण ऊसवाले आहोत, त्यामुळे पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असणार: काटामारीचं काय? उरलेला कमी दाखवायला कुणी तो ओढ्यात टाकला, नाहीतर पहाटे पेटवून दिला तर? आकडा मोजायला लागलं की आकडा सुधारायच्या वाटा माणूस शोधतोच, हे मला माझ्या नोकरीने चांगलं शिकवलंय. म्हणून एकटा उरलेला मोजून चालणार नाही. खत नेणाऱ्या शेतकऱ्याची सही हवी, वखारीची पावती हवी. आलेला माल आणि गेलेला माल यांचा मेळ बसला पाहिजे. कुजताना होणारी घट सोडून जो फरक पडेल त्याचं उत्तर द्यावं लागेल. मोबाईलवर ही नोंद ठेवायचं साधं सॉफ्टवेअर मी फुकट करून देईन. पण आधी तीन महिने वहीत लिहा. वहीत जे जमत नाही ते मोबाईलवरही जमत नाही.

वर्षाने इथेच बसून हिशेब मांडू. उतारा वाढला असेल तर बारा महिन्यांच्या वह्या घेऊन नगरपरिषदेकडे जाऊ आणि म्हणू, पुढच्या ठेक्यात टनाऐवजी हे मोजा. नाही वाढला तर का नाही वाढला तेही त्याच वह्यांत असेल, आणि बुडाले तरी एका यंत्राच्या किमतीच्या मानाने थोडेच पैसे बुडतील. आजवर गावोगावी कचऱ्याची यंत्रं गंजून पडली. त्यांच्या उद्घाटनाचे फोटो सापडतात, हिशेबाची वही सापडत नाही.

शेवटी सरांना आणि बाईंना एक विनंती. भावईच्या दिवसांत सगळं गाव रस्त्यावर असतं, बाहेरगावची माणसं येतात, दुसऱ्या दिवशी गल्ल्यांची काय दशा असते ते तुम्ही बघता. तुमचा शब्द गावात अजून मानतात. आम्ही पुण्या-मुंबईहून येऊन सांगितलं तर लोक 'दोन दिवसांचे पाहुणे' म्हणून सोडून देतील. त्या एका गल्लीत पहिल्या दिवशी बचत गटाच्या दोघींबरोबर तुमच्यापैकी कुणी दारोदार फिरलात, तर माझ्या या सगळ्या बोलण्याहून ते जास्त उपयोगी पडेल. आणि त्या दोघींना दारात 'कचरेवाली आली' म्हणून नका बोलावू. नाव विचारा, ताई म्हणा.

आज मंडपाच्या मागे दोन पिंपं ठेवली आहेत, एक खरकट्याला आणि एक सुक्याला. त्यात काय टाकायचं हे दाखवायला आपला वखारवाला मित्र स्वतः उभा राहणार आहे. संध्याकाळी दोन्ही पिंपांचं वजन तोच सांगेल. पहिली नोंद तीच धरू.